तपकिरी रंगापासून मलमापर्यंत: कडुलिंबाच्या अर्कात केलेले चांदीचे नॅनोकण

हा प्रश्न एम. फार्म.च्या एका विद्यार्थिनीने विचारला आहे. तिने कडुलिंबाच्या पानांच्या अर्कात सिल्व्हर नायट्रेट मिसळून चांदीचे नॅनोकण तयार केले. द्रावण तासाभरात फिकट पिवळ्याचे तपकिरी झाले, वर्णपटात ४३० नॅनोमीटरच्या आसपास शिखर मिळाले आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूच्या पेट्री डिशमध्ये या द्रावणाच्या खाचेभोवती जिवाणू न वाढलेले १४ मिलिमीटरचे वलय दिसले. हे द्रावण साध्या क्रीममध्ये किती टक्के घातले म्हणजे ते त्वचेसाठी जंतुरोधक मलम होईल, असे तिला जाणून घ्यायचे आहे.

टक्केवारीकडे मी येणार आहे, पण ती सांगण्याआधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. तुमच्या बाटलीत आज नुसते नॅनोकण नाहीत, तिथे एक मिश्रण आहे. त्यात धातुरूप चांदीचे कण आहेत, अभिक्रियेतून उरलेले चांदीचे आयन असण्याची शक्यता आहे, बहुधा थोडे सिल्व्हर क्लोराइड आहे आणि पानांतून उतरलेली पॉलिफिनॉल, टर्पिनॉइड, शर्करा व प्रथिने आहेत. ते वलय या चौघांपैकी कोणी उमटवले, हे तुमच्या प्रयोगातून अद्याप कळलेले नाही. ते कळल्याशिवाय क्रीम केले, तर क्रीममध्ये आणखी एक उमेदवार भर घालतो, तो म्हणजे क्रीमचे स्वतःचे परिरक्षक (क्रीम खराब होऊ नये म्हणून घातलेला पदार्थ). मग शेवटी नळीतून काय बाहेर पडते आहे, हे कोणालाच सांगता येणार नाही.

वनस्पतीच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण करण्याच्या कामात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली सास्त्री, अबसार अहमद, शिव शंकर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये जिरेनियमच्या पानांपासून चांदीचे कण केले आणि २००४ मध्ये कडुलिंबाच्या पानांच्या काढ्यातून चांदी, सोने व दोन्हींचे एकत्रित कण केल्याचे प्रसिद्ध केले. आज महाविद्यालयांत जी कृती सर्रास वापरली जाते, म्हणजे पाने धुणे, चिरणे, पाण्यात उकळणे, गाळणे आणि एक मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेटमध्ये मिसळणे, ती साधारण याच परंपरेतली आहे. कृती इतकी सोपी असल्यामुळे तिच्यातल्या खाचखळग्यांकडे दुर्लक्ष होते, आणि त्यांतला सर्वांत मोठा खड्डा क्लोराइडचा आहे.

सिल्व्हर क्लोराइडचा द्रावणीयता गुणाकार सुमारे १.८ गुणिले दहाचा उणे दहावा घात इतका लहान आहे. त्यामुळे पाण्यात अगदी थोडे क्लोराइड असले तरी चांदीचा आयन त्याच्याशी जोडी करून बसतो. नळाच्या पाण्यात क्लोराइड असते, नीट न धुतलेल्या काचेच्या भांड्यांत असते आणि ज्याचा फारसा कोणी विचार करत नाही अशा पानांतही असते, कारण क्लोराइड हे वनस्पतीच्या पेशींतले नेहमीचे आयन आहे. अर्क मिसळताच द्रावण क्षणभर दुधाळ झाले आणि मग हळूहळू तपकिरी झाले, असे तुम्ही पाहिले असेल तर तो दुधाळपणा सिल्व्हर क्लोराइडचा असण्याची शक्यता मोठी आहे. पुढे प्रकाशात त्याच क्लोराइडच्या कणांवर थोडी धातुरूप चांदी तयार होते, आणि तिचेही शिखर वर्णपटात चारशे ते साडेचारशे नॅनोमीटरच्या पट्ट्यात येते. म्हणून रंग आणि शिखर या दोन्ही गोष्टी खऱ्या असूनही त्यांतून शुद्ध चांदीचे कण झाले हे सिद्ध होत नाही.

याचा निवाडा क्ष-किरण विवर्तनात, म्हणजे एक्सआरडीत होतो. तांब्याच्या किरणांवर घेतलेल्या आलेखात धातुरूप चांदीची शिखरे साधारण ३८.१, ४४.३, ६४.४ आणि ७७.४ अंशांवर येतात, तर सिल्व्हर क्लोराइडची २७.८, ३२.२ आणि ४६.२ अंशांच्या आसपास. या दुसऱ्या संचाला 'अर्कातील जैविक घटकांची शिखरे' असे नाव देऊन पुढे गेलेले प्रबंध मी परीक्षक म्हणून वाचले आहेत, आणि प्रत्येक वेळी विद्यार्थ्याला तो भाग पुन्हा करायला सांगितले आहे. पडताळणीचा साधा उपाय असा की, धुतलेल्या कणांचा थोडा भाग विरल अमोनियाने धुवून पुन्हा एक्सआरडी घ्यावा. सिल्व्हर क्लोराइड अमोनियात विरघळते, धातुरूप चांदी थोड्या वेळात विशेष विरघळत नाही. मात्र अमोनिया आणि चांदीचे असे द्रावण कधीही साठवून ठेवू नका, कारण त्यातून कालांतराने स्फोटक संयुग तयार होऊ शकते. काम झाल्याबरोबर त्यात मीठ घालून ते आम्लधर्मी करा. कण तयार करताना सामू (पीएच) वाढवण्यासाठीही अमोनिया न वापरता विरल सोडियम हायड्रॉक्साइड वापरणे बरे.

कृतीच्या बाबतीत आणखी काही सांगतो. पाणी विआयनित घ्या आणि काच नायट्रिक आम्लाने धुवून विआयनित पाण्यानेच खंगाळा. अर्क ताजा वापरा, फार तर चार अंशांवर काही दिवस ठेवा. पाने कोणत्या झाडाची, कोणत्या महिन्यातली, कोवळी की जून, याची नोंद ठेवा. आमच्याकडे एकाच झाडाच्या चैत्रातल्या कोवळ्या पानांनी आणि पावसाळ्यानंतरच्या जून पानांनी केलेल्या कणांचे आकारमान स्पष्टपणे वेगळे आले होते, आणि त्यानंतर आम्ही प्रत्येक अर्काचे एकूण फिनॉलचे प्रमाण फॉलिन-सिओकाल्टो पद्धतीने गॅलिक आम्लाच्या तुलनेत मोजूनच पुढे जाऊ लागलो. पानांच्या वजनाऐवजी या मापावर अर्काचे प्रमाण ठरवले, तर दोन खेपांत सातत्य राहते. नमुन्याची ओळख पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम प्रादेशिक केंद्रातून करून घेता येते. कडुलिंब आणि बकाणनिंब यांत विद्यार्थ्यांची गफलत होते, म्हणून ही ओळख केवळ औपचारिकता समजू नये.

आता वलयाकडे वळतो. आगरमध्ये पाडलेल्या खाचेभोवती वलय उमटण्यासाठी पदार्थ आगरमधून पसरावा लागतो. आयन सहज पसरतो, अर्कातील लहान रेणूही पसरतात, पण प्रथिनांचे व पॉलिफिनॉलचे आवरण असलेला वीस-तीस नॅनोमीटरचा कण फार सावकाश सरकतो. त्यामुळे १४ मिलिमीटरचे वलय हे बहुतांशी उरलेल्या सिल्व्हर नायट्रेटचे असू शकते. ते पाहण्यासाठी द्रावण दहा किलोडाल्टनच्या (कण अडवून आयन व लहान रेणू जाऊ देणाऱ्या) गाळणीतून अपकेंद्रित करून गाळा आणि मिळालेल्या रंगहीन गाळीवात मिठाच्या पाण्याचे दोन थेंब टाका. गढूळपणा आला, तर आयन उरलेले आहेत. सोबत नुसत्या अर्काच्या गाळीवातही तेच करून पाहा, म्हणजे फसगत होणार नाही. मग कण तीनदा धुऊन पुन्हा पाण्यात विखरून घ्या आणि धुतलेले कण, गाळीव, तितक्याच चांदीचे सिल्व्हर नायट्रेट व तितक्याच विरलतेचा नुसता अर्क अशा चारही नमुन्यांची तुलना सूक्ष्म विरलन पद्धतीने करून किमान रोधक संहती, म्हणजे जिवाणूची वाढ रोखणारे सर्वांत कमी प्रमाण, काढा. ती संहती 'मायक्रोलिटर द्रावण' या भाषेत लिहू नका. अणुशोषण किंवा आयसीपी यंत्रावर एकूण चांदी मोजून ती प्रतिमिलिलिटर मायक्रोग्रॅममध्येच लिहा.

कण आणि आयन यांतला हा भेद केवळ शास्त्रीय काटेकोरपणासाठी मी सांगत नाही. अमेरिकेतील राइस विद्यापीठात पेद्रो अल्वारेझ यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवून दिले की प्राणवायू पूर्णपणे वगळला आणि त्यामुळे कणांमधून आयन सुटणे थांबले, तर इ. कोलाय जिवाणूंवर चांदीच्या नॅनोकणांचा जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. याचा अर्थ असा की नॅनोकण हे मुख्यतः आयनांचे कोठार आहे. पृष्ठभागावरची चांदी प्राणवायूने हळूहळू ऑक्सिडीकृत होते, आयन सुटतो, आणि तो आयन जिवाणूच्या प्रथिनांतील गंधकाच्या गटांना चिकटून त्यांचे काम बंद पाडतो. मलम करणाऱ्यासाठी हे सूत्र फार मोलाचे आहे. चांगले मलम म्हणजे ज्यात कण एकमेकांना चिकटत नाहीत, आयन हळूहळू सुटतो आणि सुटलेला आयन जिवाणूपर्यंत पोहोचण्याआधी दुसऱ्या कशाला तरी बांधला जात नाही, असे मलम. पुढचा सगळा विचार या तीन अटींचा आहे.

आता टक्केवारी. एक मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेट म्हणजे लिटरला सुमारे १७० मिलिग्रॅम, आणि त्यात चांदी फक्त १०८ मिलिग्रॅम. अर्क मिसळल्यावर ती आणखी विरल होते. तुम्ही असे द्रावण जसेच्या तसे क्रीममध्ये पाच टक्के घातले, तर क्रीमच्या एका ग्रॅममध्ये जेमतेम पाच मायक्रोग्रॅम चांदी येईल, आणि क्रीममधले घटक तिच्यातली बरीचशी बांधून टाकतील. तुलनेसाठी आपल्या रुग्णालयांत भाजलेल्या जखमांवर वापरले जाणारे एक टक्क्याचे सिल्व्हर सल्फाडायझिन क्रीम घ्या. ते चार्ल्स फॉक्स यांनी १९६८ मध्ये पुढे आणले. सल्फाडायझिनसोबतच्या या संयुगात वजनाने सुमारे तीस टक्के चांदी असते, म्हणजे क्रीमच्या एका ग्रॅममध्ये सुमारे तीन मिलिग्रॅम. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत किशोर पाकणीकर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जे नॅनोचांदीचे जेल प्रसिद्ध केले, त्यात सात ते वीस नॅनोमीटरचे कण होते आणि चांदी ग्रॅमला ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे त्या क्रीमच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याएवढी होती. तुमच्या पहिल्या प्रयत्नांसाठी मी हेच परिमाण घ्यायला सांगेन. मात्र हिशेब करा: शंभर ग्रॅम क्रीममध्ये दहा मिलिग्रॅम चांदी हवी असेल, तर एक मिलिमोलर द्रावण त्र्याण्णव मिलिलिटर लागेल. तेवढी जागा क्रीममध्ये नाही. म्हणून कण धुण्याच्या टप्प्यातच त्यांना दहापट किंवा अधिक संहत करावे लागते, आणि संहत केल्यावरही ते सुटे राहतात की नाही हे वर्णपटातील शिखर रुंद होऊन लाल बाजूला सरकते का, यावरून लगेच कळते. अर्क कमी पडला, तर कण इथेच गोळा होतात.

पायस, म्हणजे क्रीमचा तेल-पाण्याचा बेस, निवडताना मोठ्या चुका होतात. सेट्रिमाइडसारखे धनप्रभारित पृष्ठसक्रियक (तेल-पाणी एकत्र धरणारे पदार्थ) टाळा, कारण त्यातले ब्रोमाइड चांदीशी क्लोराइडपेक्षाही घट्ट बांधले जाते आणि शिवाय कडुलिंबाच्या अर्काचे आवरण ऋणप्रभारित असल्याने कण थेट साकळतात. स्टीअरिक आम्लाच्या साबणावर केलेल्या व्हॅनिशिंग क्रीमचा सामू आठाच्या आसपास जातो आणि त्यात सोडियम-पोटॅशियमचे आयनही भरपूर असतात, तेही कणांना मानवत नाही. माझ्या अनुभवात बिनप्रभारी सेटोमॅक्रोगॉल मेणावरचे तेल-पाण्यातले क्रीम सर्वांत कमी त्रास देते. जेल हवे असेल, तर कार्बोपॉल चालते, मात्र त्याचे उदासीनीकरण ट्रायइथेनॉलअमीनने जपून आणि कण घालण्यापूर्वी करावे. क्रीम ४० अंशांच्या खाली उतरल्यावर संहत कण शेवटी, मंद ढवळत घालावेत. त्वचेचा सामू साधारण पाच-साडेपाच असतो, म्हणून क्रीमही तिथेच ठेवण्याची इच्छा होते. परंतु आवरणातील कार्बॉक्सिल गटांवरच कणांचा ऋणप्रभार अवलंबून असल्याने सामू उतरवताना झीटा विभव (कणांच्या पृष्ठभागावरील प्रभाराचे माप) मोजत जा, आणि तो उणे वीस-पंचवीस मिलिव्होल्टच्या वर, म्हणजे शून्याकडे, येऊ लागला की थांबा.

क्रीममधली चांदी निर्माण झाल्यापासून शेवटच्या बोटभर मलमापर्यंत तशीच राहायला हवी. त्यासाठी आपल्या हवामानात ३० अंश व ७५ टक्के आर्द्रतेवर दीर्घकाळ आणि ४० अंश व ७५ टक्के आर्द्रतेवर सहा महिने तिची पाहणी करावी लागते. क्रीम गडद होत जाणे, करडे पडणे, नळीच्या तोंडाशी काळी रेघ दिसणे ही सगळी चांदी बदलत असल्याची खूण असते. आतून लेप नसलेली ॲल्युमिनियमची नळी वापरू नका, कारण सुटणारा चांदीचा आयन ॲल्युमिनियमवर चांदी होऊन बसतो आणि नळीचा धातू क्रीममध्ये येतो. प्रकाश अडवणारी थरांची प्लॅस्टिक नळी योग्य ठरते.

क्रीमची जंतुरोधक परीक्षा घेताना नुसता बेस, बेस अधिक अर्क, बेस अधिक धुतलेले कण आणि सिल्व्हर सल्फाडायझिनचे क्रीम असे चारही नमुने हवेत. बेसमध्ये पॅराबेन किंवा फिनॉक्सिइथेनॉलसारखे परिरक्षक असेल, तर त्याचाच काही परिणाम तुमच्या कणांच्या खात्यात जमा होईल. वेळेनुसार जंतू किती मेले हे मोजताना नमुना माध्यमावर पसरण्यापूर्वी थायोग्लायकोलेट आणि थायोसल्फेट असलेल्या उदासीनकाने चांदी बांधून टाकणे अत्यावश्यक आहे. ते केले नाही, तर नमुन्यासोबत आलेली चांदी माध्यमावर वसाहती उगवूच देत नाही आणि प्रत्यक्षात जिवंत असलेले जिवाणू मेलेले मोजले जातात. या एका चुकीमुळे अनेक 'पाच मिनिटांत ९९.९ टक्के' असे निष्कर्ष निघतात. पुढचा टप्पा म्हणून तोच प्रयोग कृत्रिम घामात करून पाहा. घामात लिटरला दहा मिलिमोलपासून त्याच्या कित्येक पटींपर्यंत क्लोराइड असते आणि तुमची चांदी तिथे किती टिकते, हे कळल्याशिवाय पेट्री डिशमधल्या आकड्याला त्वचेवर अर्थ नाही.

सुरक्षिततेच्या बाबतीत माझा आग्रह अधिक कडक आहे. इटलीतील त्रिएस्ते विद्यापीठात २००९ मध्ये मानवी त्वचेवर केलेल्या प्रयोगात २५ नॅनोमीटरच्या चांदीच्या कणांतून अखंड त्वचेतून फारच थोडी चांदी पार गेली, पण खरवडलेल्या त्वचेतून ती सुमारे पाचपट होती. तुमचे मलम चिरांवर, खरचटण्यावर, फोडांवर लावले जाणार आहे, म्हणजे नेमके त्या दुसऱ्या त्वचेवर. म्हणून त्वचेच्या केराटिनोसाइट आणि फायब्रोब्लास्ट पेशींवर विषारीपणाची चाचणी करून मिळालेला आकडा किमान रोधक संहतीच्या शेजारी ठेवा. जिवाणूला रोखणारी आणि पेशीला इजा करणारी संहती जवळजवळ सारखी असेल, तर तो पदार्थ मलमासाठी योग्य नाही, त्याचे कण कितीही सुरेख असोत.

प्रतिरोधाचाही विचार करावा लागतो. बॉस्टनच्या एका रुग्णालयातील भाजलेल्या रुग्णांच्या विभागात सत्तरच्या दशकातच सिल्व्हर नायट्रेटला न जुमानणारा साल्मोनेला सापडला होता, आणि पुढे त्याच्या प्लाझ्मिडवरील (मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएवरील) चांदी बाहेर फेकणारी सिल जनुके ओळखली गेली. २०१८ मध्ये चेक प्रजासत्ताकातील ओलोमोत्स येथील पालात्स्की विद्यापीठाच्या गटाने दाखवले की वारंवार संपर्कात आलेला इ. कोलाय फ्लॅजेलिन नावाचे प्रथिन सोडून कणांना साकळवतो आणि निष्प्रभ करतो. विशेष म्हणजे डाळिंबाच्या सालीच्या अर्काने फ्लॅजेलिनची निर्मिती दाबली की हा प्रतिरोध ओसरत होता. वनस्पतीचा अर्क केवळ चांदी घडवण्यापुरता नसून जंतूच्या बचावावरही काम करू शकतो, ही शक्यता मला या क्षेत्रातील सर्वांत आशादायक वाटते, आणि तुमच्या प्रबंधाला पुढचे पाऊल हवे असेल, तर कडुलिंबासोबत डाळिंबाची साल घेऊन पाहण्यासारखी आहे.

कायद्याच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. 'जंतुसंसर्गावर उपचार' असा दावा केला की तो पदार्थ १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार औषध ठरतो, आणि भारतात नॅनोऔषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे २०१९ पासून उपलब्ध आहेत, ती वाचूनच चाचण्यांची आखणी करा. पान वापरले म्हणून मलम आयुर्वेदिक होत नाही. सिल्व्हर नायट्रेटपासून केलेला कण आणि शास्त्रोक्त रजत भस्म या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकाच पंक्तीत बसवून विक्री करणे हे रुग्णाशी अप्रामाणिकपणाचे आहे. सौंदर्यप्रसाधन म्हणून परदेशी बाजाराचा विचार असेल, तर युरोपीय संघाने २०२४ मध्ये नॅनोरूपातील कोलॉइडल चांदी सौंदर्यप्रसाधनांतील बंदी घातलेल्या घटकांत समाविष्ट केली आहे, हे ध्यानात ठेवा.

शेवटी, धुण्याच्या पाण्यात उरलेली चांदी नाल्यात ओतू नका. सर्व धुवण एका गडद बाटलीत साठवा, त्यात मीठ घालून सिल्व्हर क्लोराइड खाली बसू द्या, गाळून वाळवा आणि वर्षाअखेरीस पुन्हा धातुरूप चांदी करून घ्या. वापरलेल्या सिल्व्हर नायट्रेटचा बराच भाग अशा रीतीने परत मिळतो, आणि आयन, कण व क्लोराइड यांचा तुमचा हिशेबही त्यामुळे जुळतो.